विहीणबाईंच्या गाडीचं टायमिंग

माझे सासरे गाड्या दुरुस्त करतात आणि त्याबद्दल बोलतात. यातलं कोणतं काम ते जास्त करतात, यावर आमच्या घरात दोन तट आहेत.

गॅरेजच्या आसपासचे दुकानदार त्यांना कानसेन म्हणतात. हे नाव कौतुकाने पडलं की चेष्टेने, याची चौकशी सासऱ्यांनी कधी केली नाही. कौतुकच असणार, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. तसं ठरवायला कारणही होतं. चालू इंजिनावर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं, त्याची मूठ कानाशी धरायची, डोळे मिटायचे, आणि थोड्या वेळाने डॉक्टरने सांगावं तसं सांगायचं, "तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह सैल आहे." उघडून बघितलं की तिसऱ्याचाच निघायचा. प्लगपर्यंत ठिणगी वेळेवर पोचते की नाही, हे बघायला लोक टायमिंगचा दिवा वापरतात. तसा दिवा त्यांच्याकडेही होता, पण खोक्यातून कधी बाहेर आला नव्हता. "दिवा आंधळ्यांना लागतो," असं ते म्हणायचे. तसा तो आंधळ्यांना काय कामाचा, हे विचारायची सोय नव्हती.

एवढा कान असलेला माणूस घरात मात्र कुणाचंही ऐकायचा नाही. सासूबाई आतून हाक मारायच्या, हे पेपरात. "अहो, दूध उतू जातंय, बंद करा," असं सांगितलं की "हो, मलाही तसंच वाटतं," म्हणायचे आणि दूध गॅसवर पसरायचं. बरीच वर्षं सगळ्यांना वाटलं की हा स्वभाव आहे. स्वभावाला आपल्याकडे कुणी औषध देत नाही.

मी चष्म्याच्या दुकानात काम करतो. कमी दिसणारी माणसं ते किती हुशारीने लपवतात, हे रोज बघतो. तक्ता पाठ करून येणारे आहेत. "दुकानात उजेडच कमी आहे," म्हणणारे आहेत. एका आजोबांनी तर तक्ता छापणाऱ्यालाच नावं ठेवली होती. त्यामुळे सासऱ्यांच्या घरातल्या टीव्हीचा आवाज दर वर्षी थोडा मोठा व्हायला लागला, तेव्हा मला शंका आली होती. पण जावयाने शंका घ्यायची नसते. जावयाने वाढलेलं जेवायचं आणि "छान झालंय" म्हणायचं.

आता माझ्या आईबद्दल. आई टायपिंगचा क्लास चालवायची. खोलीभर यंत्रं एकदम खडखडत असताना ती खिडकीतून बाहेर बघत उभी असायची आणि तशीच पाठमोरी म्हणायची, "मागच्या रांगेतल्या बाई, करंगळीच्या जागी अनामिका वापरू नका." मागच्या रांगेतली बाई दचकून हात मांडीवर घ्यायची. क्लास बंद झाला, यंत्रं भंगारात गेली, आईचा कान तेवढा राहिला, आणि राहिली गाडी. पिस्त्याच्या रंगाची, चौकोनी तोंडाची जुनी पेट्रोल गाडी. घेतली माझ्या वडिलांनी, पण चालवायची पहिल्यापासून आईच. वडील शेजारी बसून नसलेला ब्रेक दाबायचे. ते गेल्यावर आईने शेजारच्या सीटवर पिशव्या ठेवायला सुरुवात केली, एवढाच काय तो बदल.

आईचा नेहमीचा मेकॅनिक गाव सोडून मुलाकडे राहायला गेला. एका दुपारी दोन्ही घरं आमच्याकडे जेवायला बसलेली असताना आईच्या तोंडून ही गोष्ट निघाली. सासऱ्यांचा घास हातातच राहिला.

"विहीणबाई, मग टायमिंगचा बेल्ट शेवटचा कधी बदलला?"

"कसला बेल्ट?" आईने विचारलं.

सासरे जेवणावरून उठले. हात धुतले, ओट्यावरून डब्यांची दोन झाकणं आणि पिशवीचं रबर घेऊन आले आणि ताटांच्या मधोमध मांडणी सुरू झाली. "हे खालचं झाकण म्हणजे क्रँक. पिस्टन वरखाली होतात, त्याने हा फिरतो. हे वरचं झाकण म्हणजे कॅम. हा इंजिनाच्या खिडक्या उघडतो, मिटतो. आत हवा-पेट्रोल घ्यायला एक खिडकी, धूर सोडायला एक. आणि दोघांना बांधणारा हा पट्टा. दातेरी असतो. खालचा आणि वरचा एका तालात फिरले, तर गाडी. एक दात जरी इकडचा तिकडे झाला, तर इंजिन श्वास घ्यायच्या वेळी सोडणार आणि सोडायच्या वेळी घेणार."

"आपल्यालाही जेवताना ठसका लागतो तसं," सासूबाई म्हणाल्या. "बसा आता."

"आणि हा पट्टा जुना झाला की न सांगता तुटतो. गाडी असेल तिथे बसते. विहीणबाई, उद्या गाडी माझ्याकडे द्या. सकाळी आणा, संध्याकाळी न्या."

"चालतेय ती व्यवस्थित," आई म्हणाली. "आणि चालत्या गाडीला हात लावलेला मला आवडत नाही."

"हात कुणाचा आहे ते तरी बघा!"

आईने माझ्याकडे बघितलं. मी बायकोकडे. बायकोने भाजीकडे. गाडी दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये गेली.

गॅरेज म्हणजे चढावरच्या रस्त्याच्या पायथ्याशी असलेली एक लांबट शेड. आत भिंतीवर फळी आणि फळीवर प्रत्येक पान्याची पांढऱ्या रंगाने काढलेली बाह्यरेषा. पाना जागेवर नसला की त्याचं भूत तेवढं दिसतं. सासरे एकटेच काम करतात. आपल्या हत्याराला दुसऱ्याचा हात लागला की ते वाकडं होतं, अशी त्यांची समजूत आहे.

त्यांनी आईच्या गाडीचा पुढचा भाग मोकळा केला. जुना बेल्ट काढला, आणि तो खरोखरच चिरा पडून वाळक्या सालीसारखा झाला होता. तो त्यांनी संध्याकाळी आईला दाखवायला खिडकीत टांगून ठेवला. मग नवा घातला. यात चुकण्यासारखं फारसं काही नसतं. वरच्या चाकावर एक खूण असते, खाली क्रँकच्या टोकाला जी पुली असते तिच्या कडेवर एक खूण असते. दोन्ही खुणा आपापल्या रेघेसमोर आणायच्या आणि पट्टा चढवायचा. असे पट्टे त्यांनी जन्मभर चढवलेत. सगळं परत जोडलं, हात पुसले, किल्ली फिरवली.

गाडी सुरू झाली, पण कशी, तर नाइलाजाने. सकाळी आपल्या पायाने आलेली बाई संध्याकाळी आजारी पडून बसावी तशी ती थरथरत होती आणि मधूनच कार्ब्युरेटरमधून शिंकत होती.

मी आणि आई न्यायला पोचलो, तेव्हा सासरे स्क्रूड्रायव्हर कानाला लावून डोळे मिटून उभे होते.

"नवा बेल्ट आहे," ते म्हणाले. "जरा बसायला वेळ लागतो."

आईने वाळका बेल्ट बघितला, कौतुक केलं, गाडीत बसली आणि चढाकडे निघाली. या चढाच्या वर पाण्याची टाकी आहे आणि टाकीपलीकडे आमचं घर. अर्ध्या चढावर पिस्ता गाडी हळू झाली, आणखी हळू झाली आणि उभी राहिली. मग शांतपणे, कुणाचीही भीड न बाळगता, उलटी खाली यायला लागली. आईने हँडब्रेक ओढला. भाजी घेऊन चाललेल्या दोन बायका, एक पोस्टमन आणि मी, असं आम्ही चौघांनी ती वळवून खाली आणली. सासरे गॅरेजच्या दारात कमरेवर हात ठेवून उभे होते. चेहऱ्यावर असा भाव, की रस्त्यालाच आज काहीतरी झालंय.

"क्लच," ते म्हणाले. "विहीणबाई, तुम्ही क्लचवर पाय ठेवून चालवता."

"सकाळी येताना माझा पाय कुठे होता?" आईने विचारलं. पण तोवर ते बॉनेटखाली गेले होते.

पुढचे काही दिवस त्या गाडीने आमच्या दोन्ही घरांचं बोलणं-चालणं ताब्यात घेतलं. सासऱ्यांनी बेल्ट उतरवला आणि पुन्हा चढवला. खुणा रेघेवर, अगदी काटेकोर. कार्ब्युरेटर उघडून धुतला. प्लग बदलले. पेट्रोलवर संशय घेतला, पेट्रोल काढून दुसरं भरलं. हवेतल्या दमटपणावर संशय घेतला. बेल्ट बनवणाऱ्या कंपनीतल्या माणसांच्या नजरेबद्दल काही उद्गार काढले. गाडीला पिकअप काही येईना. मग पिकअप आणण्यासाठी ते प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर थोडा थोडा फिरवून ठिणगी आधी आणायला लागले. हे काम नेहमीचंच. ठिणगी जितकी आधी पडेल तितका जोर येतो, पण फार आधी पडली की इंजिनात टकटक सुरू होते आणि ती चालू राहिली तर पिस्टनची वाट लागते. म्हणून ठिणगी पुढे आणत जायचं, टकटक ऐकू आली की किंचित मागे घ्यायचं. सगळा खेळ कानाचा.

आईला घरात चैन पडेना. ती दुपारची विणकामाची पिशवी घेऊन रिक्षाने गॅरेजमध्ये जायला लागली. तिथे एक लोखंडी स्टूल होतं, त्यावर वर्तमानपत्र अंथरून ती बसायची आणि नातीचा स्वेटर विणायची. सासऱ्यांना ही देखरेख वाटे. आईलाही ती देखरेखच वाटे, पण ती म्हणायची, "घरात उजेड कमी पडतो हो व्याही."

शनिवारी माझी अर्धी सुट्टी असते, म्हणून मीही गेलो. सासऱ्यांनी इंजिन चालू केलं होतं. डिस्ट्रिब्युटरवर हात ठेवून ते मला म्हणाले, "ऐका. आता कसं गोड चाललंय."

"टकटक येतेय," आई विणता विणता म्हणाली.

"कुठे?"

"आता, तुम्ही रेस दिलीत तेव्हा. बारीक. बरणीत खडे हलवल्यासारखी."

सासऱ्यांनी पुन्हा रेस दिली. मला ती स्पष्ट ऐकू आली. किर्रर्र करून पातळ पत्र्यावर कुणी नखं वाजवावीत तशी. सासऱ्यांनी स्क्रूड्रायव्हर कानाला लावला. डोळे मिटले. बराच वेळ तसेच उभे राहिले.

"ती समोरच्या दुकानातली असेल," ते म्हणाले. "पत्र्याचं काम करतात ते."

समोरचं दुकान फुलांचं होतं.

आईने सुया खाली ठेवल्या. तिचं तोंड उघडलं होतं, पण तिने ते मिटलं आणि टाके मोजायला लागली. माझी आई बोलता बोलता थांबते हे मी फार कमी वेळा पाहिलंय.

त्या दिवशी संध्याकाळी मी सासूबाईंना चहा पिता पिता जरा आडवळणाने विचारलं. सासूबाईंनी आडवळण घेतलंच नाही. "ऐकू येत नाही त्यांना," त्या म्हणाल्या. "जाड आवाज येतात. बारीक येत नाहीत. माझा आवाज बारीक आहे, तेव्हा पहिली मीच गेले."

"तुम्ही बोलला नाहीत कधी त्यांच्याशी?"

"बोलले की. त्यांना ऐकू नाही आलं." त्यांनी कप खाली ठेवला. "मागे एकदा मला म्हणाले, या झाडावर हल्ली पाखरं येत नाहीत, गावात धूर किती वाढलाय बघ. डोक्यावर तेव्हा साळुंक्यांची सभा भरली होती. मी म्हटलं, हो, धूर वाढलाय."

मी हसलो. त्याही हसल्या, पण माझ्यापेक्षा लवकर थांबल्या.

दोन-तीन दिवसांनी दुकानातून दुपारच्या सुट्टीत मी गॅरेजकडे गेलो. बायकोने त्यांच्यासाठी डबा दिला होता. शटर अर्धं ओढलेलं होतं. मी वाकून आत गेलो, तर सासरे गाडीपुढे उकिडवे बसलेले आणि हातात टायमिंगचा दिवा. जमिनीवर त्याचं खोकं, त्याच्या आत अजून कंपनीचा भुसा. मला बघून त्यांनी दिवा पाठीमागे घेतला. शाळेतल्या मुलाने चिंच लपवावी तसा. मग लपवण्यात अर्थ नाही हे त्यांना कळलं असावं.

"डबा ठेवा तिथे," ते म्हणाले.

मी ठेवला आणि तिथेच उभा राहिलो. माझ्या दुकानात मी गिऱ्हाइकांना गप्प राहून बोलतं करतो. सगळ्यात चांगला उपाय तोच.

"तुमच्या आईंना ती टकटक येते," ते म्हणाले. "तुम्हाला येते?"

"येते."

"मला येत नाही." त्यांनी दिव्याची वायर बोटाला गुंडाळली. "मला वाटलं त्या मुद्दाम म्हणतायत. विहिणी म्हणतात ना काहीबाही. मग तुमच्याकडे बघितलं. तुमच्या तोंडावर दिसलं." त्यांनी वायर पुन्हा सोडवली. "बेल्ट मी बरोबर घातलाय हो. तीनदा बघितलं. पण आता वाटतं, कान गेला तसा डोळाही गेला असेल. गेल्या वर्षभरात मी किती गाड्यांचं टायमिंग कानाने लावलं, कुणाकुणाच्या इंजिनात टकटक चालू असेल..."

एवढ्या वर्षांत त्यांच्या एकाही वाक्याचा शेवट राहून गेलेला मी ऐकला नव्हता. मी म्हटलं, "डोळे मी तपासून देतो. दुकान आपलंच आहे."

ते खुदकन हसले. "चला, मग हा दिवा तरी काय म्हणतो बघू."

तेवढ्यात आई आली. शटरखालून आधी विणकामाची पिशवी आली, मग आई. तिने दिवा बघितला. स्टुलावर बसली.

या दिव्याचा प्रकार असा: प्लगला ठिणगी मिळाली की त्याच क्षणी दिवा लुकलुकतो. तो फिरत्या पुलीवर धरला की पुलीवरची खूण जागच्या जागी थबकल्यासारखी दिसते, आणि ती रेघेपासून किती पुढे-मागे आहे ते कळतं. सासऱ्यांनी इंजिन चालू केलं, दिवा धरला आणि डिस्ट्रिब्युटर फिरवत फिरवत खूण पुस्तकात सांगितलेल्या जागी बरोबर आणली. इंजिन दोन आचके देऊन बंद पडलं. पुन्हा सुरू केलं. पुन्हा बंद.

"आता तर मुळीच चालत नाही," आई हळूच म्हणाली.

सासरे दिवा हातात घेऊन बसून राहिले. गाडीकडे बघत. मी डबा उघडावा का या विचारात होतो. आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी बदललं. ते मला आधी दिसलं, मग आईला.

"विहीणबाई," ते म्हणाले, "माझा कान खोटा असू शकतो. तुमचा नाही. दिवा नवा आहे, तोही खोटा नाही. दिव्याने लावलं तर गाडी बंद पडते. मग उरलं काय?"

"मला काय विचारता?" आई म्हणाली.

"खूण! दिवा खुणेवर बघतो. बेल्ट मी खुणेवर घातला. सगळ्यांनी त्या एका खुणेवर विश्वास ठेवलाय. ती खूणच खोटी असेल तर?" ते उठले, चारही प्लग काढले आणि आईपुढे हात पसरला. "तुमची एक सुई द्या."

"त्यावर टाके आहेत!"

"दुसरी द्या."

आईने पिशवीतून रिकामी सुई काढली. लांब, ॲल्युमिनियमची, एका टोकाला बटण असलेली. सासऱ्यांनी ती पुसली आणि पहिल्या प्लगच्या भोकातून अलगद आत सोडली. बटण असल्यामुळे आत पडायची भीती नव्हती. सुई पिस्टनच्या डोक्यावर टेकली. मग मला पाना देऊन म्हणाले, "क्रँक फिरवा. हळू. बाळाला थोपटतात तसं." आणि स्वतः दोन बोटांनी सुई नुसती सांभाळून धरली.

मी फिरवत गेलो. सुई वर येत गेली. वर, आणखी वर, मग सावकाश, मग थांबली. थोडं पुढे गेलो, तर खाली जायला लागली. त्यांनी मला मागे आणलं, पुढे नेलं, पुन्हा मागे आणलं. सुई ज्या जागी सगळ्यात वर थबकत होती, तिथे मला थांबवलं. म्हणजे पिस्टन आता खरोखर शेवटाला होता आणि पुलीवरची खूण अगदी रेघेसमोर असायला हवी होती.

ते जमिनीवर आडवे झाले, आत डोकावले, आणि जोरात हसले. इतक्या जोरात, की समोरच्या फुलवाल्या बाई दारात आल्या.

खूण रेघेपासून अंगठाभर लांब होती.

"या, बघा, विहीणबाई या!" ते खालूनच ओरडले. आई पदर सावरून वाकली. पुली ही एक चकती नसते, हे मलाही तेव्हाच कळलं. आत एक गाभा, बाहेर एक कडं, आणि दोघांच्या मध्ये धक्के सोसायला रबर. या गाडीचं रबर म्हातारं होऊन सुटलं होतं, आणि बाहेरचं कडं गाभ्यावरून हळूहळू घसरत गेलं होतं. खूण त्या कड्यावर. जुना बेल्ट कडं जागेवर होतं तेव्हाचा, म्हणून गाडी ठणठणीत चालत होती. नवा बेल्ट घसरलेल्या खुणेवर चढवला, तसं सगळं बिनसलं.

"म्हणजे मी क्लच दाबत नव्हते," आई म्हणाली.

"ते वेगळं," सासरे म्हणाले. पण आता त्यांना कशाचंच काही वाटत नव्हतं. ते कपाळावर ग्रीस पुसत होते आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत होते. डबा थंड झाला. सुईने सापडलेल्या खऱ्या जागेवर क्रँक धरून त्यांनी बेल्ट पुन्हा चढवला. भंगारवाल्याकडून दुसरी चांगली पुली आणली. त्या सगळ्यात दुसऱ्या दिवसाची दुपार झाली, आणि गाडी एका किल्लीत सुरू झाली.

सुरू झाली आणि शिंकली नाही. आईने टाळीच वाजवली.

राहिलं होतं ठिणगीचं शेवटचं, सूतभर इकडेतिकडे करण्याचं काम. दिव्याने ते बऱ्यापैकी लागतं. पण इतक्या जुन्या गाड्यांना पुस्तकातला आकडा तंतोतंत मानवत नाही, ओझं घेऊन चढ चढतानाच खरं कळतं. एरवी सासरे शेजारी बसून ऐकायचे आणि गाडी थांबवून डिस्ट्रिब्युटर फिरवायचे. आता ते हातात पाना घेऊन बॉनेटपाशी उभे राहिले, घसा साफ केला आणि फुलवाल्या बाईंना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "विहीणबाई, मला बारीक ऐकू येत नाही. तुम्ही टाकीपर्यंत जाऊन या आणि टकटक आली तर सांगा."

आईने काहीही थट्टा केली नाही. मला वाटलं होतं ती करेल. ती फक्त म्हणाली, "कधी ऐकायची? चढाच्या सुरुवातीला की वरती?"

"वरती. तिसऱ्या गियरला. काच खाली करून."

पिस्ता गाडी चढ चढून गेली, टाकीला वळसा घालून परत आली. "आहे अजून थोडी, अगदी वर पोचताना." सासऱ्यांनी सूतभर मागे घेतलं. पुन्हा गेली. "किंचित. पिशवीत एखादा खडा राहिल्यासारखी." पुन्हा सूतभर. तिसऱ्या खेपेला आई परतली तीच हॉर्न वाजवत. "गेली! आणि चढावर मी चौथ्यात होते!"

"चौथ्यात कशाला? मी तिसरा सांगितला होता," सासरे म्हणाले. आणि नट आवळायला वाकले.

कानाच्या डॉक्टरकडे त्यांना सासूबाईंनी नेलं. ते सहज गेले असं नाही. आधी त्यांना गेल्या वर्षी ज्यांची गाडी हाताखालून गेली अशा सगळ्या गिऱ्हाइकांना बोलावून टायमिंग दिव्याने तपासून द्यायचं होतं. आणि त्यांनी ते दिलंही, अगदी फुकट. बहुतेक गाड्या बरोबर निघाल्या. ज्या निघाल्या नाहीत, त्यांच्या मालकांना त्यांनी खरं कारण सांगितलं. एका मालकाने उलट त्यांनाच धीर दिला, तेव्हा ते चिडले.

कानाच्या तपासणीत एका बंद खोलीत बसवतात, कानात बारीक आवाज सोडतात आणि ऐकू आला की बटण दाबायला सांगतात. सासऱ्यांनी इतक्या उत्साहाने बटण दाबलं, की डॉक्टरीणबाई खोलीत येऊन म्हणाल्या, "काका, मी अजून सुरू केलेलं नाही." मशीन आलं. पहिल्या दिवशी ते लावून घरभर फिरले आणि खुर्ची, चप्पल, कागद, सगळ्यांची तक्रार केली की सगळे केवढ्याने बोलतात. संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात थबकले. सासूबाई पाठमोऱ्या होत्या, भाजी चिरता चिरता स्वतःशीच काही पुटपुटत होत्या.

"हे तू रोज म्हणतेस?" त्यांनी विचारलं.

"रोज."

"माझ्याबद्दल?"

"मग कुणाबद्दल?"

ते तिथेच पाटावर बसले आणि बराच वेळ ऐकत राहिले. बायको म्हणते, तेव्हापासून सासूबाईंची बडबड उलट वाढलीय. ऐकणारा मिळाला.

गॅरेजमध्ये मात्र ते मशीन काढून डबीत ठेवतात. त्यातून इंजिनाचा आवाज डब्यात कोंडलेल्या माशीसारखा येतो म्हणे. म्हणून कुणी जुनी गाडी घेऊन आलं की टकटक ऐकायला आईला फोन जातो. आई येते, चढावर चक्कर मारून येते आणि निकाल देते. गिऱ्हाइकं तिला मॅडम म्हणतात. सासरे तिची ओळख "आमच्या इन्स्पेक्टर" अशी करून देतात आणि आई ती दुरुस्त करत नाही.

गेल्या आठवड्यात एक तरुण बॅटरीवर चालणारी नवी कोरी गाडी घेऊन आला. चढावर जोर कमी वाटतो, जरा बघा म्हणाला. योगायोगाने मीही तिथे होतो. सासऱ्यांनी सवयीने बॉनेट उघडायला लावलं, स्क्रूड्रायव्हर टेकवला, मूठ कानाला लावली. तरुणाने गाडी सुरू केली. आई पलीकडून वाकून ऐकत होती. दोघांचे डोळे मिटलेले.

खूप वेळ शांतता.

"मला काहीच ऐकू येत नाही," सासरे शेवटी म्हणाले.

"मलाही नाही," आई म्हणाली.

सासऱ्यांनी डोळे उघडले, तिच्याकडे नीट बघून घेतलं, आणि इतके खूश झाले, की त्या तरुणाला त्यांनी आधी चहा पाजला आणि मग कंपनीच्या वर्कशॉपचा पत्ता दिला.